सरळ दीडशे

४ फेब्रुवारी, रविवार

मनगट पुन्हा आखडायला लागलं आहे. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी रोज अर्धं पान हाताने लिहायला सांगितलं. काय लिहू विचारलं तर म्हणाल्या, वाण्याची यादी लिहा. मी एकटी, माझी यादी चार ओळींत संपते. म्हणून ही वही आणली. रोज लिहीनच असं नाही.

रविवार म्हणजे दादाच्या गॅरेजमध्ये रॅलीवेड्यांची बैठक. माणसं नेहमीचीच. एक गुरुजी, ज्यांना चाळीस वर्षांतल्या प्रत्येक रॅलीचा निकाल पाठ आहे आणि नातवाचा वाढदिवस नाही. दुसऱ्या म्हणजे दातांच्या डॉक्टरीणबाई, ज्या तरुणपणी एकदा तिसऱ्या आल्या होत्या आणि ते तिसरेपण अजून त्यांच्या अंगावरून उतरलेलं नाही. आणि आम्ही बहीणभाऊ. दादा हातातलं काम सोडत नाही, बाकीचे स्टुलांवर बसून जगातल्या सगळ्या संघांना अक्कल शिकवतात. आजचा वाद पुढची चाकं ओढणारी गाडी बरी की मागची चाकं ढकलणारी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुढच्या चाकांची गाडी रुसते, मागच्या चाकांची उलटून बोलते." दादाला हसू आलं. हल्ली तो कमी हसतो.

मग गुरुजींनी पोतडी उघडली. घाटातल्या आमच्या शेवटच्या रॅलीला या मार्चमध्ये तीस वर्षं होतात. बोगदा झाल्यापासून तो जुना रस्ता ओसच असतो. तिथे एक दिवस जुन्या गाड्या पळवायला परवानगी मिळाली आहे. वेळ मोजणार नाहीत, नंबर काढणार नाहीत. एक स्मरणिकाही छापायची.

"आणि तुम्ही दोघं," गुरुजी म्हणाले, "दादांच्या त्या जुन्या गाडीत. घाईच्या वळणावर आपण पाटीसुद्धा लावू."

आमची गाडी जिथून खाली गेली त्या जागेला ही मंडळी 'घाईचं वळण' म्हणतात. दादाची घाई. तो पाना पुसत राहिला आणि म्हणाला, "नको."

५ फेब्रुवारी

ज्यांना रॅली माहीत नाही ते विचारतात, गाडी भाऊ चालवायचा तर तुम्ही शेजारी बसून काय करायचात? मी रस्ता वाचायची. स्पर्धेच्या आधी दोघांनी सावकाश एकदा तो रस्ता पालथा घालायचा. चालवणारा वळणं सांगतो, नॅव्हिगेटर लिहून घेतो. वळणाला एक ते सहा आकडे. एक म्हणजे गाडी जवळजवळ उलटी फिरवायची, सहा म्हणजे नावापुरतं वळण. पुढे किती मीटर सरळ, कुठे उंचवटा, तेही लिहायचं. स्पर्धेच्या दिवशी नॅव्हिगेटरने वहीत डोकं खुपसून ते मोठ्याने वाचायचं. पलीकडचं काही दिसत नसताना चालवणाऱ्याने त्या शब्दावर पाय दाबायचा.

मी नकाशा खात्यात होते. माझं अक्षर बघायला दुसऱ्या खात्यातले लोक यायचे. बाकीचे नॅव्हिगेटर हलत्या गाडीत खरडलेल्या गिचमिडीवरूनच वाचायचे. मला ते बघवत नसे. मी घरी येऊन सगळं पक्क्या वहीत उतरवायची आणि कच्ची पानं फाडून टाकायची. माझ्या वहीत चूक नसे. हा गर्व म्हणा हवं तर, पण नसे.

त्या दिवशीचं मला अक्षरन् अक्षर आठवतं. मी वाचलं: उजवं पाच, ऐंशी. उंचवटा. सरळ दीडशे. सावध, डावं दोन. सगळं वेळेवर. दादाने ऐकलं नाही. असा सुसाट गेला की दीडशे मीटर दोन श्वासांत संपले. मी मान वर करेपर्यंत गाडी हवेत होती.

माझं मनगट तीन ठिकाणी मोडलं. तेव्हापासून अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. नकाशे गेले, मला जुन्या फायलींच्या खोलीत बसवलं, तिथूनच निवृत्त झाले. दादाच्या चार बरगड्या गेल्या, त्या भरून आल्या. आठ महिन्यांनी एका मोठ्या संघाने त्याला बोलावलं. गाडी त्यांची, नॅव्हिगेटर त्यांचा, याने फक्त जायचं. तो गेला नाही. मी तोंडावर त्याला भित्रा म्हटलं. तो म्हणाला, "असेन."

माझं दुखणं वेगळंच आहे. लोक म्हणतात, घाई नडली, तो मान डोलावतो. पण मला त्याने एकदाही सांगितलं नाही की चिमे, तू वाचलंस आणि मी ऐकलं नाही. तीस वर्षांत एकदाही नाही. एवढं एक वाक्य मला हवं आहे. बाकी काही नको.

११ फेब्रुवारी, रविवार

गुरुजींनी पुन्हा आमच्या गाडीचा विषय काढला, तेव्हा मी अट घातली. सगळ्यांसमोर म्हटलं, "मी गाडीत बसेन. पण दादाने स्मरणिकेत लिहायचं की बहिणीने बरोबर वाचलं होतं आणि मी ऐकलं नाही."

 विषय बदलावा म्हणून गुरुजी म्हणाले, बाई, तुमचे ते बोल एकदा म्हणून दाखवा ना. ती आमची जुनी करमणूक आहे. कोणी गायला लागलं की मी घाट म्हणून दाखवते. मी खालपासून सुरुवात केली. वळणाच्या जागी पोचले तेव्हा गुरुजी मांडीवरच्या नकाशावर बोट ठेवून म्हणाले, "थांबा हं. तिथे उंचवटे दोन आहेत ना, लागोपाठ?"

"एकच आहे," दादा लगेच म्हणाला. "तो नकाशा नवा आहे. रस्ता बदललाय." आणि त्याने हवेचा पंप चालू केला. त्या आवाजात पुढचं काही कोणाला ऐकू आलं नाही. पाहुण्यांसमोर पंप लावतं का कोणी? मला अपमान वाटला.

१५ फेब्रुवारी

वहिनी आली होती. वहिनीचं आणि माझं कधी भांडण नाही आणि कधी गूळपीठही नाही. तीस वर्षं ती माझ्यापुढे कप ठेवते तो जरा जोरातच. नणंद जवळच राहते हे कोणत्या भावजयीला आवडतं, असं मी धरून चालले आहे.

आज बसलीसुद्धा नाही. दारातूनच म्हणाली, "वन्सं, तेवढी अट सोडता का?"

"का? त्याला जड जातंय?"

"चार दिवस झाले, कागद पुढे घेऊन बसतात. जेवत नाहीत धड."

"खरं लिहायला इतका वेळ लागतो होय?" मी म्हटलं.

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होती, मग चपला घातल्या आणि गेली. स्वतःचा नवरा म्हटला की बायकांना दुसऱ्याच्या हाताचं काही वाटत नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार

दादाने कागद दिला. वंगणाचा डाग लागलेला, दोनच ओळी.

"त्या दिवशी बहिणीने बरोबर वाचलं होतं. मी ऐकलं नाही, चूक माझी."

मी मोठ्याने वाचला. डॉक्टरीणबाईंनी टाळी वाजवायला हात उचलले आणि परत खाली घेतले. गुरुजींनी घडी घालून कागद खिशात ठेवला, म्हणाले, छापखान्यात देतो. दादा जाऊन गाडीखाली शिरला. त्याचे फक्त बूट दिसत होते.

घरी येताना मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलंही, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत.

९ मार्च, शनिवार

आज रस्ता बघायला गेलो. गाडी ती नव्हे, तिच्याच जातीची दुसरी. तसेच कानांसारखे बाहेर आलेले आरसे, तोच पेट्रोलचा वास. मी मांडीवर कच्ची वही घेतली. दादा म्हणाला, "हात दुखला तर सांग, थांबू." मी म्हटलं, "तू वळणं सांग."

तो सांगत गेला, मी लिहीत गेले. डांबर जागोजाग उखडलेलं आहे, मधोमध गवत उगवलं आहे. त्याचा आवाज मात्र तसाच. गाडीत बसला की दादाचा आवाज बदलतो, एकही शब्द वाया जात नाही. मला फार बरं वाटलं. खरं सांगायचं तर तीस वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

ती जागा आली. तो म्हणाला, "उजवं पाच, ऐंशी. उंचवटा." मग गाडीच थांबवली. काचेतून पुढे बघत बसला. मी पेन धरून वाट पाहत होते. मग अगदी हळू म्हणाला, "डावं दोन."

"इथे डावं दोन?" मी विचारलं. "सरळ दीडशे ना?"

"रस्ता बदललाय बहुतेक."

मी लिहून घेतलं. त्याने पुन्हा गाडी सुरू केली. पुढे परत उजवं पाच, परत ऐंशी, परत उंचवटा. मग सरळ दीडशे. मग सावध, डावं दोन. परतीला मीच बोलत होते, नवीन संघांविषयी, आताच्या नॅव्हिगेटरांविषयी, काय काय.

१० मार्च, रविवार

बैठकीला गेले नाही. सकाळी जेवणाच्या टेबलावर पक्की वही करायला बसले. अक्षर कोंबडीचं असलं तरी पद्धत सोडायची नाही.

चष्मा लागल्यापासून मी एक करते, उतरवून झालं की दोन्हीकडच्या ओळी मोजते. पूर्वी मोजत नसे. ज्याची चूक होत नाही त्याने कशाला मोजायच्या? आज मोजल्या. कच्च्या वहीत दोनशे चौदा. पक्क्या वहीत दोनशे अकरा.

पुन्हा मोजल्या. मग पट्टी लावून ओळीला ओळ जुळवली.

उजवं पाच, ऐंशी. उंचवटा. त्याच्याखाली डावं दोन. त्याच्याखाली पुन्हा उजवं पाच, ऐंशी. उंचवटा. मी पहिला 'उंचवटा' लिहिला, मान वर केली, परत कच्च्या वहीत पाहिलं आणि नजर दुसऱ्या 'उंचवटा'वर जाऊन बसली. तिथून पुढे उतरवत गेले. मधलं डावं दोन गेलं. काल माझ्या हाताने लिहिलेलं, आज माझ्याच हाताने गेलं. आणि पक्क्या वहीत जे उरलं ते मी गेली तीस वर्षं म्हणून दाखवते आहे: उजवं पाच, ऐंशी. उंचवटा. सरळ दीडशे. सावध, डावं दोन.

रस्ता बदललेला नाही. डोंगर काय जागा सोडतो?

दीडशे मीटर दोन श्वासांत संपले नव्हते. ते सुरूच झाले नव्हते.

  खिडकी उघडून उभी राहिले. समोरच्या घरातली बाई चादरी झटकत होती, तिने हात केला, मीही केला.

११ मार्च

गॅरेज उघडायच्या वेळी गेले. दादा एकटाच होता. मी दोन्ही वह्या बॉनेटवर ठेवल्या आणि त्या जागी बोट ठेवलं. त्याने वाचलं नाही. चष्माही काढला नाही खिशातून.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"हो."

"कधीपासून?"

"गाडी हवेत होती तेव्हापासून." त्याने हात पुसले, स्वच्छच होते तरी. "वळणं मीच सांगितली होती ना तुला. उंचवट्यावर चढताना वाटलं, इथे काहीतरी आहे. डावं काहीतरी. पण तू म्हणालीस सरळ."

"मग पाय का नाही उचललास?"

"तू म्हणालीस ना सरळ."

  मी विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

"दवाखान्यात तू शुद्धीवर आलीस तेव्हा पहिलं काय विचारलंस आठवतं? वही कुठाय. हाताला प्लास्टर, तोंड सुजलेलं, आणि वही कुठाय. मी म्हटलं हरवली. त्या दिवशी नाही सांगता आलं. मग तुझे नकाशे गेले, तेव्हा तर नाहीच. मग राहूनच गेलं."

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ, असं शाळेत शिकवतात. मी तर त्याच्याकडून लेखी कबुली घेतली. मी रडले, आणि मला ते लपवता आलं नाही.

"तू कागद का लिहिलास, दादा?"

"तुला गाडीत बसायचं होतं म्हणून."

मी म्हटलं, रविवारी सगळ्यांना सांगते. तो म्हणाला, "अजिबात नाही." इतक्या वर्षांत त्याचा असा आवाज ऐकला नव्हता.

१७ मार्च, रविवार

सांगितलं.

गुरुजींनी स्मरणिकेचे कच्चे कागद आणले होते. दादाच्या दोन ओळी चौकटीत घातलेल्या. मी म्हटलं, ही चौकट काढा, आणि ओळी कशा गळल्या ते दाखवलं.  गुरुजींनी नकाशाची घडी उगाच उलगडली, परत घातली. त्यांचं तोंड पांढरं पडलं. ते वळणाचं नाव त्यांनीच ठेवलेलं होतं. म्हणाले, "दादा, आम्ही इतकी वर्षं तुमच्याच गॅरेजात बसून…"

डॉक्टरीणबाईंनी मात्र सरळ विचारलं, "घाई तुमची नव्हतीच, तर मोठ्या संघाकडे का नाही गेलात?"

दादा माझ्याकडे वळून म्हणाला, "तीस वर्षं सांभाळलं. तू पाच मिनिटांत उधळलंस." आणि घरात निघून गेला. मी वाट पाहिली. तो बाहेर आला नाही. मला वाटलं होतं, खरं सांगितलं की त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. तेही मीच ठरवून टाकलं होतं.

२३ मार्च

दादा फोन घेत नाही. दुपारी वहिनी आली आणि पहिल्यांदाच स्वतःहून बसली. तिला लग्नानंतर दुसऱ्या वर्षीच त्याने सांगितलं होतं.

"तुम्ही त्यांना भित्रा म्हणालात ना, त्या दिवशी," ती म्हणाली. "मी आत होते. बाहेर येऊन सगळं सांगून टाकणार होते. यांनी शपथ घातली."

"म्हणून कप आपटायचीस."

"हो," वहिनी म्हणाली. "आणखी काय करणार?"

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, माझी नका मागू. जाताना सांगितलं, गाडी तयार आहे, यायचं असेल तर एकतीस तारखेला सकाळी सातला. दादाचा निरोप का, विचारलं. म्हणाली, निरोप नाही, पण शेजारची सीट आज पुसत होते.

३१ मार्च, रविवार

गेले. पक्की वही केली नाही. कच्चीच नेली, गिचमिड. खाली घाटाच्या तोंडाशी अठरा गाड्या उभ्या होत्या. गुरुजी झेंडा घेऊन उभे होते, पाटीबिटी काही लावलेली नव्हती. आमचा नंबर यायला वेळ होता. इंजिन बंद करून आम्ही बसून राहिलो.

दादाच बोलला. समोर बघत. "डॉक्टरीणबाईंनी विचारलं ना, का नाही गेलो म्हणून."

"सांगायचं नसेल तर राहू दे."

"दुसऱ्या कुणाच्या वाचण्यावर गाडी चालवली असती तर तू विचारलं असतंस, मला का सोडलं. तेव्हा सांगावं लागलं असतं." त्याने स्टिअरिंगवरचे हात सरळ केले. "आणि तुझ्या वाचण्यावर पाय दाबता आला नसता मला. एकदासुद्धा. मग कोणाबरोबरच नको म्हटलं."

  तो छत्तीस वर्षांचा होता तेव्हा. लोक म्हणायचे, पुढची पंधरा वर्षं याचीच.

झेंडा पडला. मी वाचायला लागले. पहिला किलोमीटरभर अडखळले, मग लय सापडली. गाडी छान चढत होती. तो ऐकत होता, वळणं नेमकी घेत होता, दोनदा गालात हसलाही असावा, मी वर पाहिलं नाही. ती जागा आली. उजवं पाच, ऐंशी. उंचवटा. डावं दोन. त्याने गाडी अलगद डावीकडे घातली. खाली दरी कुठे आहे ते मला न बघता कळत होतं. मग पुन्हा उजवं पाच, ऐंशी.

"उंचवटा," मी वाचलं. "सरळ दीडशे."

इंजिनचा आवाज खाली आला. त्याने पाय उचलला होता. आम्ही बैलगाडीसारखे उंचवट्यावर चढलो, आणि पलीकडे तो रस्ता होता, दीडशे मीटर, अगदी सरळ. मी पुढची ओळ वाचली.

वर पोचल्यावर त्याने गाडी कडेला घेतली. बाकीच्या गाड्यांतले लोक उतरून एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. आम्ही उतरलो नाही.

"पाय आपोआप उचलला गेला," दादा म्हणाला.

"ऐकलं मी."

"वाईट वाटलं?"

"हो," मी म्हटलं.

त्याने चावी फिरवून इंजिन बंद केलं. मग म्हणाला, "मलाही."